शिवडीची छायामय दफनभूमि

घोटीहून मुंबईस निघालेला प्रवासी इगतपुरी मागें टाकतो आणि त्याची गाडी थळ घाट उतरूं लागते. दर सदतीस फुटांस एक फूट अशा उतारानें, बोगद्यांतून व उंच पुलांवरून ती कसाऱ्यास येते. हा घाटमार्ग १८६५ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्याच सालीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनीं शहराच्या पूर्व किनाऱ्यास, शिवडी येथें, मुख्यतः युरोपियनांकरितां एक नवी दफनभूमि मुक्रर केली. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें वरवर पाहतां वाटत नाहीं. पण तो आहे.

दफनभूमि ही बागेसारखी असावी, ही कल्पना मुंबईंत आली ती इंग्लंडांतून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील शहरें झपाट्यानें वाढलीं. चर्चभोवतालच्या जुन्या आवारांत प्रेतांस जागा पुरेना, आणि पटकीच्या साथींनीं लोक धास्तावून गेले. तेव्हां वस्तीबाहेर मोकळी जमीन घेऊन, झाडें लावून व वळणांचे रस्ते आंखून नव्या दफनभूमि तयार करण्यांत आल्या. लंडन येथील केन्सल ग्रीन १८३३ सालची, तर ब्रिस्टल येथील आर्नोस व्हेल १८३९ सालची. या दोन्ही ठिकाणांशीं हिंदुस्थानचेंही नातें आहे. राजा राममोहन राय १८३३ सालीं ब्रिस्टलजवळ निवर्तले. त्यांचा देह प्रथम एका घराच्या बागेंतच पुरला होता. दहा वर्षांनीं द्वारकानाथ टागोरांनीं तो आर्नोस व्हेलच्या झाडींत हलविला व त्यावर आपल्याकडील छत्रीच्या धर्तीची समाधि उभारली. पुढें तीनच वर्षांनीं द्वारकानाथ स्वतः लंडनमध्यें वारले आणि केन्सल ग्रीन येथें विसावले.

मुंबईंतही तीच अडचण उभी राहिली. बॅक बेच्या किनाऱ्यावरील सोनापूरची दफनभूमि एके काळीं शहराबाहेर होती. शहर वाढतां वाढतां ती वस्तीनें वेढली गेली. नवी जागा शोधणें भाग होतें. शिवडीस शेती व बागाइतीच्या एका मंडळीची वनस्पतींची बाग होती. १८६२ सालीं भायखळ्यास राणीचा बाग उघडला, आणि शिवडीची जमीन या कामीं लाभली. अशा रीतीनें येथें झाडें आधीं आलीं व थडगीं मागाहून. त्या स्थळाच्या शांततेचें रहस्य बहुधा हेंच असावें.

या छायेंत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याचें थडगें आहे. इंग्लंडांतील बाथ शहरीं १८४७ सालीं जन्मलेला हा शिल्पज्ञ १८६७ सालीं येथील सरकारी बांधकाम खात्यांत आला. बोरीबंदरच्या भव्य स्टेशनाचें काम १८७८ सालीं त्याच्या आराखड्यावरून सुरू झालें व दहा वर्षें चाललें. त्यासमोरील म्युनिसिपालिटीची इमारतही त्याचीच. ती १८९३ सालीं पुरी झाली. १९०० सालीं मुंबईंतच त्याचा अंत झाला. थळ घाट उतरून आलेला प्रवासी ज्या घुमटाखालीं शहरांत पाऊल टाकतो, त्या घुमटाचा कर्ता घाटाच्याच वयाच्या दफनभूमींत निजला आहे.

त्याच मातींत काका बाप्टिस्टाही आहेत. माझगांवांत १८६४ सालीं जन्मलेले जोसेफ बाप्टिस्टा पुण्यास इंजिनियरिंग व केंब्रिजला कायदा शिकले. ते लोकमान्य टिळकांचे वकील व विश्वासू सहकारी झाले. १९१६ सालीं टिळकांनीं होमरूल लीग काढली, तिचे पहिले अध्यक्ष बाप्टिस्टाच होते. १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत त्यांनीं पुढाकार घेतला, आणि १९२५ सालीं ते मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. १९३० सालीं ते वारले. जी भूमि राज्यकर्त्यांकरितां राखली होती, तिनें अखेर स्वराज्याच्या कैवाऱ्यासही जागा दिली.

मात्र दगडावर कोरलेलीं नांवें म्हणजे सगळा इतिहास नव्हे. थळ घाटाचा डोंगर फोडण्यास हजारों मजूर राबले. पटकीनें, हिवतापानें आणि सुरुंगांच्या अपघातांनीं त्यांतील कित्येक दगावले. त्यांच्या नांवाचा दगड शिवडीस नाहीं, कसाऱ्यास नाहीं आणि घोटीसही नाहीं. त्यांची खूण एकच : तो घाट.

ज्यांचे दगड आहेत, तेही कायमचे नाहींत. मुंबईचा पाऊस अक्षरें हळूहळू पुसून टाकतो, झाडांचीं मुळें चौथरे उचलतात. जुन्या थडग्यांवरील लेखांत नांव, वय, जन्मगांव, व्यवसाय आणि क्वचित् मृत्यूचें कारणही सांपडतें. तान्ह्या मुलांचीं थडगीं पाहिलीं म्हणजे त्या काळच्या आरोग्याची कल्पना कोणत्याही अहवालाहून लवकर येते. वही व पेन्सिल घेतलेल्या शाळेच्या मुलांसही हे लेख उतरून घेतां येतील. दरवर्षीं २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनीं कॅथॉलिक कुटुंबें आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. ज्यांचें कोणी उरलें नाहीं, त्यांचें नांव निदान कोणी एकदां वाचावें, एवढें ऋण त्या छायेंत क्षणभर विसावणाऱ्यानें फेडण्यास हरकत नाहीं.