अलिबागसे आया है क्या?

मुंबईत एखादा माणूस जरा सरळ वागू लागला, की लोक हटकून विचारतात, "काय रे, अलिबागसे आया है क्या?" एका अलिबागकराला हे इतके झोंबले, की त्याने या वाक्यावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालय गाठले. २०१९ साली न्यायालयाने याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकंदर सूर. तेव्हा आम्हीच सहकुटुंब शहानिशेला निघालो.

अलिबागेत भरती-ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय इतिहास बघता येत नाही. कुलाबा किल्ला समुद्रात. भरतीला होडी, ओहोटीला घोडागाडी, नाहीतर आपले पाय. १६८० साली शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला, संभाजी महाराजांनी पुरा केला. तटाचे दगड चुन्यावाचून नुसते एकावर एक रचलेले. लाटेचे पाणी फटीत शिरते आणि निमूट परत जाते. आमच्या इमारतीच्या गच्चीला सिमेंट, डांबर सगळे फासले आहे. तिथे पाणी शिरते, पण परत जात नाही.

तटावर दोन तोफा आहेत. तिथे फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. शेजारचे एक गृहस्थ चिरंजीवांना सांगत होते, "बघ, कान्होजी आंग्र्यांच्या तोफा!" चिरंजीव इंग्रजी शाळेतले. त्यांनी वाचून दाखवले : इंग्लंड, १८४९. आता कान्होजी वारले १७२९ साली आणि इंग्रजांनी आंग्र्यांचे संस्थान खालसा केले १८४० साली. गृहस्थ मुळीच डगमगले नाहीत. "दुरुस्तीची तारीख असेल ती," म्हणाले.

याच कान्होजींना इंग्रज चाचा म्हणत. का? तर या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आपले दस्तक घ्यावे, असे ते म्हणत. अहो, असलाच कागद पोर्तुगीज दोनशे वर्षे विकत होते! फिरंग्याने विकला तर परवाना, मराठ्याने मागितला तर चाचेगिरी. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. अलिबागच्या माणसाला भोळा समजण्याचा हा पहिला मोठा प्रयोग असावा.

दुसरी गोष्ट शांततेच्या काळातली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे तिथल्या वेधशाळेतल्या चुंबकाच्या सुया बिथरणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला आणले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तिथे अजून चालू आहे. ट्राम १९६४ सालीच संपल्या. म्हणजे सुई ताळ्यावर ठेवायला मुंबईला गाव सापडले ते हेच!

गावात कान्होजींची समाधी आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे शुकशुकाट होता. गर्दी सगळी किनाऱ्यावर, शहाळ्यांपाशी. हिने समाधीवरची वाळकी पाने पदराने बाजूला केली. कुणी काही बोलले नाही.

मुंबईच्या ज्या कोटातून इंग्रज कान्होजींवर आरमार धाडत, तिथे आता आपल्या नौदलाचे ठाणे आहे. १९५१ सालापासून त्याचे नाव 'आयएनएस आंग्रे'. नाव द्यायला सव्वादोनशे वर्षे लागली खरी, पण जागा नेमकी निवडली.