मूस, आइल रॉयल बेटावरील

उत्तर अमेरिकेतील सुपीरिअर सरोवराच्या आइल रॉयल बेटावर मूस हे सर्वांत मोठ्या जातीचे हरिण विसाव्या शतकाच्या आरंभी आले. उन्हाळ्यात पाला विपुल असतो. शिवाय पाल्यात अत्यल्प असलेले सोडियम मिळविण्यासाठी मूस पाण्यात उतरून जलवनस्पती खातो. खरी कसोटी हिवाळ्याची. तेव्हा काटक्या व बाल्सम फर या सूचिपर्णी वृक्षाचा पाला एवढ्यावरच त्याला तग धरावा लागतो आणि अंगची चरबी झिजत जाते. नैसर्गिक शत्रू नसल्याने त्यांची संख्या बेसुमार वाढली. ॲडॉल्फ म्यूरी यांनी १९२९-३० मध्ये पाहणी करून दिलेला उपासमारीचा इशारा काही वर्षांतच खरा ठरला. १९३६ च्या वणव्यानंतर उगवलेल्या कोवळ्या झाडोऱ्याने मात्र मूसांना पुन्हा तारले. १९४८ च्या सुमारास गोठलेल्या सरोवरावरून लांडगे आले. त्यांच्यामुळे कायमचा समतोल साधला, ही समजूत घाईची होती. १९८० नंतर पार्व्होव्हायरस रोगाने लांडगे घटले, मूस वाढले, फरची रोपे खुरटली; १९९६ च्या कडक हिवाळ्यात मूसांची संख्या सु. २,४०० वरून सु. ५०० वर आली. पुढे लांडगे जवळजवळ नामशेष झाल्याने २०१८-१९ मध्ये १९ लांडगे बाहेरून आणून सोडण्यात आले.