वसईचा तह: बोलावलेली फौज

परक्या देशाच्या भांडणात फौज पाठवावी का, हा प्रश्न निघाला की आपल्याला व्हिएतनाम आठवतं, अफगाणिस्तान आठवतं. वसईकरांना इतक्या लांब जायची गरज नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला तो इथेच, वसईत. त्याच्या चुलत आजोबांनी, चिमाजी अप्पांनी, १७३९ साली पोर्तुगिजांकडून जिंकलेल्या गावात!

हस्तक्षेपाच्या बाजूने नेहमी एक मुद्दा येतो: तिथल्या कायदेशीर सरकारनेच बोलावलं. वसईला हे तंतोतंत लागू पडतं. पेशवा कायदेशीर होता, त्याने स्वतः बोलावलं आणि सही केली. मग बिघडलं कुठे?

आधी भांडण काय होतं ते बघू. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. भाऊ यशवंतराव फौज घेऊन आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला त्याने शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव कोकणात पळाला, तिथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला आला. होळकरांच्या फौजेने पुढे पुणं लुटलं, हेही खरंच. पण यशवंतरावाचं मूळ भांडण शिंद्यांशी होतं. पेशव्याने परत यावं म्हणून त्याने माणसंही पाठवली होती.

याच काळात, १७९५ साली, जर्मन तत्त्वज्ञ कान्टने शाश्वत शांततेवरच्या निबंधात लिहिलं की दुसऱ्या राज्याच्या कारभारात बळाने ढवळाढवळ करू नये. राज्य फुटून दोन झाली आणि दोघंही सगळ्यावर हक्क सांगू लागली, तरच गोष्ट वेगळी. मराठी राज्य तेव्हा इतकं फुटलं होतं का? आम्हाला तसं वाटत नाही. होळकराने पेशवाईच्या गादीवर अमृतरावाचा मुलगा आणून बसवला, पण गादी मोडली नाही. घरचं भांडण होतं ते, फार वाईट, रक्तपाताचं, पण घरचंच.

आता तहाची कलमं बघा. कंपनीचं निदान सहा हजार पायदळ कायमचं राहणार. ‘कायमचं’ हा शब्द महत्त्वाचा, बरं का! खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. निजामाशी आणि गायकवाडांशी वाद झाला तर निवाडा कंपनी करणार. म्हणजे मदत एका भांडणापुरती मागितली, आणि पुढची सगळी भांडणं दुसऱ्याच्या हाती गेली.

आणि ती फौज लढली कोणाशी? होळकर तर पुण्यातून न लढताच निघून गेला. १३ मे १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या बंदोबस्तात बाजीराव गादीवर बसला. सप्टेंबरात वेलस्ली असईला लढला तो शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांशी! हडपसरला पेशव्याच्या बाजूने उभे राहिले होते तेच हे शिंदे.

यातलं मर्म जॉन स्टुअर्ट मिलने सांगितलं, १८५९ साली. मिल स्वतः कंपनीचा नोकर, हे विसरू नका. राजाच्या पाठीशी परकी फौज उभी राहिली की त्याला प्रजेच्या बंडाची भीती उरत नाही, मग तो कसाही वागतो, हे त्याने ओळखलं. औट मात्र त्याने आपल्या सोयीचं काढलं: म्हणून संस्थानं खालसा करणंही योग्य! बाजीरावाचंही तेच झालं. महसूल मक्त्याने दिला गेला, मक्तेदारांनी रयत पिळली, आणि पुण्यात गाऱ्हाणं ऐकायला कोणी राहिलं नाही.

कोणी म्हणेल, १७३९ लाही इथल्या लोकांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणी नेली होती, आणि चिमाजी अप्पांची फौज कुठे परत गेली? प्रश्न रास्त आहे. आपण त्याला हस्तक्षेप म्हणत नाही, इतकंच.

म्हणून आम्ही बोलावण्यापेक्षा परतीकडे जास्त बघतो. भारतीय सैन्य डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यात होतं, मार्च १९७२ मध्ये बांगलादेशातून बाहेर पडलं. श्रीलंकेत १९८७ च्या करारानुसार सरकारनेच बोलावलं, तरी परत यायला १९९० उजाडलं, हजाराहून अधिक जवान गेले.

बाजीरावानेही शेवटी ती फौज घालवायचा प्रयत्न केला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली. जून १८१८ मध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालाना आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला गेला.