सेंट मायकेल चर्च, माहीम

मुंबई महाधर्मप्रांतातील एक जुने रोमन कॅथलिक धर्मग्राम व त्याचे प्रार्थनामंदिर. माहीम कॉजवेच्या दक्षिण तोंडाशी, लेडी जमशेटजी मार्गालगत वसलेले हे चर्च लोकांच्या बोलण्यात ‘माहीम चर्च’ म्हणून येते. दर बुधवारी येथे होणाऱ्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे भाविक येतात.

परंपरेनुसार चर्चची स्थापना 1534 साली झाली. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसईसह मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली, तेही याच वर्षी. बांधकामाचे श्रेय फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो यांना दिले जाते. आजची इमारत मात्र 1973 मधली आहे. त्यामुळे जुने दगड किंवा कोरीव वेदी पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होईल. येथील प्राचीनता जागेची आहे आणि त्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या उपासनेची आहे; तिचे मोल इमारतीच्या वयावरून ठरवू नये.

इंग्रजांनी 1665 मध्ये मुंबईचा ताबा घेतल्यावर माहीमची खाडी ही दोन सत्तांमधील सीमा झाली. अलीकडे इंग्रज, पलीकडे साष्टी बेटावर पोर्तुगीज आणि 1739 नंतर मराठे. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या युद्धाच्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरील मरियामातेचे देऊळ उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिची प्रतिमा खाडी ओलांडून याच चर्चमध्ये आणण्यात आली. डोंगरावरचे मंदिर पुन्हा उभे राहिल्यावर 1761 मध्ये ती परत गेली. खाडीवर कॉजवे झाला तो 1845 मध्ये. म्हणजे वांद्रे आणि माहीम यांचे हे नाते रस्त्यापेक्षा जुने आहे. आजही सप्टेंबरमध्ये वांद्र्याची जत्रा भरली, की अनेक भाविक एकाच फेरीत दोन्ही ठिकाणी माथा टेकतात.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कॅथलिकांमध्ये अधिकाराचा मोठा तंटा होता. पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या पाद्रोआदो हक्काखाली काही चर्च चालत, तर काही थेट रोमच्या प्रोपागांडा या विभागाखाली. माहीमचे चर्च कोणाचे, यावरून 1853 मध्ये हा वाद हातघाईवर आला. प्रोपागांडा पक्षाचे स्विस कापुचिन बिशप अनास्तासियस हार्टमन यांनी समर्थकांसह आतून दारे बंद करून घेतली आणि विरोधकांनी बाहेरून वेढा घातला. अन्नपाणी संपत आले. सुमारे 15 दिवसांनी सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून दारे उघडायला लावली आणि चर्च पाद्रोआदो पक्षाकडे गेले. आज हा प्रसंग चमत्कारिक वाटेल. पण आपले चर्च कोणाच्या हाती असावे, यासाठी सामान्य धर्मग्रामस्थ रस्त्यावर उतरले होते, ही गोष्ट या नोंदीत विसरून चालणार नाही.

नोव्हेना म्हणजे नऊ वेळा नेमाने करायची प्रार्थना. येथे ती सलग नऊ बुधवार करण्याचा प्रघात आहे. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे अशी उपासना पाहून आलेल्या एका धर्मगुरूंनी 8 सप्टेंबर 1948 रोजी, मरियेच्या जन्मदिनाच्या सणाला, ती सुरू केली. तो दिवसही बुधवारच होता. पूजेचे चित्र नित्य साहाय्य मातेचे. मूळ चित्र बायझंटाइन शैलीतील असून रोममध्ये रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या चर्चमध्ये आहे. आईचा हात धरलेला बाळ येशू, त्याच्या पायातून निसटून लोंबणारी चप्पल आणि दोन्ही बाजूंना दोन देवदूत. त्यांतला एक भाला व स्पंज घेतलेला मायकेल, म्हणजे ज्याच्या नावाने हे चर्च आहे तोच. बुधवारी येणाऱ्या फार थोड्यांच्या हे लक्षात येते.

बुधवारी पहाटेपासून रात्रीपर्यंत इंग्रजी, मराठी, कोकणी, हिंदी अशा भाषांत प्रार्थना होतात. भाविक आपली मागणी कागदावर लिहून टाकतात. मागणी पूर्ण झाल्यावर आलेली आभाराची पत्रे वाचून दाखवली जातात. नोकरी, परीक्षा, आजारपण, मूल, घर हे त्यांचे नेहमीचे विषय. बाहेरच्या विक्रेत्यांकडे मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, बाळ, घर मिळते आणि ज्याची जी इच्छा तो ती वस्तू अर्पण करतो. रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात. जवळच मखदूम फकीह अली माहिमी यांचा दर्गा आणि शीतलादेवीचे मंदिर आहे. एकमेकांच्या देवस्थानी जाणे या वस्तीला नवे नाही.

या गर्दीमागे एक छोटे, नेहमीचे धर्मग्राम आहे. त्याच्याविषयी फारसे लिहिले जात नाही, आणि ही उणीव मोठी आहे. रविवारची मिस्सा, मुलांचे धर्मशिक्षण, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी, गायकवृंदाचा सराव, वेदीसेवक मुले, लग्नापूर्वी चर्चमध्ये होणारी जाहीर घोषणा, आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेणे, गरजू कुटुंबांना मदत, शेजारपाजारच्या घरांचे मिळून प्रार्थनागट: मुंबईतल्या इतर धर्मग्रामांत जे चालते तेच येथेही. मात्र येथे ते हजारो पाहुण्यांची ये-जा सांभाळून चालवावे लागते. रांगा लावणे, वृद्धांना बसायला जागा देणे, चर्चची सफाई ही कामे स्वयंसेवकांच्या भरवशावर होतात. बुधवारची कीर्ती ज्यांच्या कष्टावर उभी आहे, त्यांची दखल आधी घ्यायला हवी.

मराठी या चर्चच्या परिसरात पाहुणी म्हणून आलेली नाही. मुंबई, साष्टी, वसई भागातील मूळचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच एक बोली बोलत आले आहेत. 1887 मध्ये त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, भाषा तीच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) लॅटिनऐवजी लोकभाषांत मिस्सा होऊ लागली आणि घरातली भाषा वेदीपर्यंत पोहोचली.

वर्षाचा क्रम धार्मिक पंचांगाप्रमाणे चालतो. राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. कपाळाला राख लावून घेणारे आणि नोव्हेनाला आलेले त्या दिवशी एकत्र येतात. पुढे दर शुक्रवारी क्रूसाची वाट, मग झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, शुभ शुक्रवार आणि शनिवारी रात्री पुनरुत्थानाचा जागर. 27 जून हा नित्य साहाय्य मातेचा सण, 29 सप्टेंबर हा मायकेल, गॅब्रिएल व राफाएल या महादूतांचा, म्हणजे धर्मग्रामाचा स्वतःचा. ऑक्टोबर जपमाळेचा महिना. 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ कबरी फुलांनी सजतात. डिसेंबरात नाताळची गाणी, गोठे आणि 24 तारखेच्या रात्रीची मिस्सा.

परंपरागत स्थापनावर्ष धरले तर 2034 मध्ये चर्चला 500 वर्षे पूर्ण होतील. त्याआधी धर्मग्रामातील वृद्धांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे आणि नोव्हेनाची आभारपत्रे नीट जतन व्हायला हवीत. चर्च पाहू इच्छिणाऱ्याने बुधवारखेरीज एखादा दिवस निवडावा. नोव्हेना अनुभवायची असेल तर मात्र बुधवारी यावे, आणि शक्यतो लोकलने. माहीम स्थानकापासून चर्च पायी जाण्याच्या अंतरावर आहे.