गायकाचे मोकळे हात

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहांत 'संयुक्त मानापमान' नाटकाचा प्रयोग झाला. धैर्यधराच्या भूमिकेंत केशवराव भोसले व भामिनीच्या भूमिकेंत बालगंधर्व होते. रंगभूमीवर मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेंतील श्रोत्यापर्यंत शब्द पोंचविण्याचें काम एकट्या कंठाला करावें लागे. त्या काळच्या नटाचे हातपाय मोकळे होते. बंधन होतें तें आवाजावर. नाटकांतील कुजबूजहि मोठ्यानेंच करावी लागे!

हें बंधन तोडण्याचा उद्योग अमेरिकेंत आधींच सुरू झाला होता. कॅलिफोर्नियांतील नापा गांवीं पीटर जेन्सन व एड्विन प्रिडहॅम यांनीं १९१५ सालीं आपला लाउडस्पीकर सिद्ध केला. १९ सप्टेंबर १९१९ रोजीं सान दिएगो येथें अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं त्याच्या साहाय्यानें सुमारें ५०,००० लोकांपुढें भाषण केलें. परंतु त्यासाठीं त्यांना कांचेच्या दालनांत, आवाज टिपणाऱ्या कर्ण्यांसमोर उभें राहावें लागलें. आवाज सुटला आणि देह बांधला गेला.

पुढें कर्णे गेले, मायक्रोफोन सुधारले. पण दांडीवरच्या मायक्रोफोननें वक्त्याला जागीं खिळवून ठेवलेंच. याचें कारण अंतर. मोकळ्या जागेंत तोंड मायक्रोफोनपासून दुप्पट दूर गेलें कीं, तेथें पोंचणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. ती भरून काढण्यासाठीं यंत्राचा आवाज वाढवावा, तर लाउडस्पीकरमधून निघालेला नाद पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरतो व कर्कश शीळ सुरू होते. हातांत चिपळ्या वा झांज घेऊन रंगांत नाचणाऱ्या कीर्तनकाराला हें बंधन किती जाचक होत असेल, हें सांगावयास नको.

या अडचणीवरील तोड टेलिफोनच्या कचेरींत केव्हांच सांपडली होती. तार जोडण्यासाठीं हात मोकळे राहावेत म्हणून तेथील स्त्रिया ऐकण्याचें यंत्र डोक्यावर व बोलण्याचा कर्णा छातीवर बांधीत. मात्र तें साहित्य गाण्याच्या कामाचें नव्हतें. १९६२ सालीं बेल प्रयोगशाळेंत गेऱ्हार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट यांनीं, विद्युत्भार स्वतःच दीर्घकाळ धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा मायक्रोफोन तयार केला. त्यामुळें लहान, हलका व स्वस्त मायक्रोफोन करणें सुलभ झालें.

१९७९ सालीं केट बुश या इंग्रज गायिकेनें आपल्या दौऱ्यांत गातां गातां नृत्य करण्याचें ठरविलें. तेव्हां ध्वनियोजना सांभाळणारे मार्टिन फिशर यांनीं कपडे टांगण्याची साधी तार वांकवून तिच्या डोक्यावर मायक्रोफोन बसविला. मायक्रोफोनच मुखाबरोबर फिरूं लागल्यानें अंतराचा प्रश्न मिटला. सान दिएगोच्या दालनांत बांधला गेलेला देह येथें सुटला, आणि कंठालाहि ओरडण्याचें कारण उरलें नाहीं.

आज असा मायक्रोफोन आणि हातांत उचलून नेतां येण्याजोगी ध्वनिपेटी घेऊन एकटा कलावंत गांवोगांव कार्यक्रम करूं शकतो. मात्र मायक्रोफोन ओंठांसमोर नव्हे, तर ओंठांच्या कोपऱ्याशीं असावा. नाहीं तर श्वासाचे धक्के ऐकूं येतात. ध्वनिपेटी कलावंताच्या पुढें, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावी; तिच्यासमोर जातांच शिटीला आमंत्रण मिळतें.

परंतु यंत्र शब्द मोठा करतें, स्पष्ट करीत नाहीं. मुखांत अर्धवट राहिलेलें अक्षर मोठें झालें तरी अर्धवटच राहतें. बालीवालाच्या रंगभूमीवरील नटांना जी वाणी कमवावी लागली, तिच्यांतील जोर आतां पेटीनें उचलला आहे. शुद्ध उच्चार, सूर आणि दम हे मात्र आजहि ज्याचे त्यानेंच साधावयाचे आहेत.