दोन आया, एक गादी : कोल्हापूरचं भांडण आणि बायबलमधली भावंडं

पुणे-बंगळूर महामार्गानं कोल्हापूरहून पुण्याकडे निघालं की वारणा नदी लागते. आज ती कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द आहे. १७३१ साली मात्र ती एकाच घरातल्या दोन चुलतभावांच्या राज्यांची हद्द ठरली होती.

या भांडणाची सुरुवात एक पिढी आधीची. एप्रिल १६८० मध्ये शिवाजी महाराजांचं निधन झालं तेव्हा थोरले संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावर महाराणी सोयराबाई आणि काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. पण सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरनौबत हंबीरराव मोहिते यांनीच भाच्याऐवजी संभाजीराजांची बाजू घेतली आणि बेत फसला.

ज्यूंच्या धर्मग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात, अशीच एक गोष्ट आहे. दावीद राजा अंथरुणाला खिळलेला असताना थोरला अदोनीया स्वतःला राजा म्हणवू लागतो. मग बथशेबा राणी नवऱ्याकडे जाऊन आपला मुलगा शलमोन याला गादी मिळवून देते. शलमोन पुढे अदोनीयाला मारवतो. फरक एवढाच की तिथे धाकट्याच्या आईचा डाव यशस्वी होतो.

या ग्रंथात आईबापांचं झुकतं माप लपवलेलं नाही. इसहाकाचा ओढा थोरल्या एसावाकडे, तर रिबकेचा धाकट्या याकोबाकडे. इसहाक म्हातारपणी आंधळा झाल्यावर रिबका याकोबाच्या हातांना करडांची कातडी बांधते आणि केसाळ एसावाचा आशीर्वाद त्याला मिळवून देते. पुढे हाच याकोब लाडक्या राहेलचा मुलगा योसेफ याला खास अंगरखा देतो. जळफळलेले सावत्र भाऊ योसेफाला चांदीच्या वीस नाण्यांना विकतात.

गंमत म्हणजे याच ग्रंथात, ‘अनुवाद’ या पुस्तकात, याविरुद्ध कायदाही आहे. दोन बायका असतील, एक आवडती आणि एक नावडती, आणि पहिला मुलगा नावडतीचा असेल, तरी त्याचा दुप्पट वाटा बापानं आवडतीच्या मुलाला द्यायचा नाही. इतका नेमका नियम लिहावा लागला, यावरून असे तंटे घरोघरी होत असणार असं दिसतं.

पण शेतीवाडीचे वाटे पडतात, गादीचे पडत नाहीत. कोल्हापूरचं दुखणं तेच होतं. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले. ताराबाईंनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला, दुसऱ्या शिवाजींना, गादीवर बसवलं आणि औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. या ताराबाई त्याच हंबीररावांची लेक. १७०७ मध्ये संभाजीराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवलं. खेडच्या लढाईत शाहू जिंकले आणि साताऱ्याला गादीवर बसले. ताराबाईंनी पन्हाळा गाठून वेगळी गादी उभी केली.

मग घाव आला तो घरातूनच. १७१४ मध्ये त्यांच्या सवत राजसबाई यांनी आपला मुलगा, दुसरे संभाजी, यांना पन्हाळ्यावर गादीवर बसवलं. ताराबाई आणि शिवाजी कैदेत गेले. शिवाजींचा मृत्यू कैदेतच झाला. दोघे सावत्र भाऊ तेव्हा जेमतेम सोळा-अठराचे होते. हे भांडण मुलांचं कमी आणि त्यांच्या आयांचं व दरबाऱ्यांचंच जास्त होतं.

कोल्हापूरच्या संभाजींनी निजामाची मदत घेऊनही शाहूंवर मात करता आली नाही. १७३० मध्ये साताऱ्याच्या फौजेनं त्यांच्या छावणीवर झडप घातली. ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या आणि ज्याला तोतया म्हटलं त्याच्याच साताऱ्यात राहिल्या. पुढच्या वर्षी कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोन्ही छत्रपतींची भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा, तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकडे आला.

याकोब आणि एसाव यांचा शेवटही असाच आहे. एसाव चारशे माणसं घेऊन येतोय हे कळताच याकोब घाबरतो आणि पुढे शेरडं-मेंढरं, उंट, गाई नजराणा म्हणून पाठवतो. एसाव धावत येऊन मिठी मारतो, दोघं रडतात. एसाव सोबत चल म्हणतो. याकोब ‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून’ अशा अर्थाचं काहीतरी बोलतो आणि भलत्याच दिशेला निघून जातो. दोघं पुन्हा एकत्र नांदत नाहीत, पण लढतही नाहीत.

सातारा आणि कोल्हापूर त्यानंतर वेगळेच राहिले. १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले, तेव्हा ताराबाईंनी लपवून वाढवलेला नातू म्हणून रामराजांना पुढे केलं. साताऱ्याची गादी त्यांना मिळाली. पण ते ऐकेनात, तेव्हा ताराबाईंनी त्यांना कैद केलं आणि हा आपला नातूच नव्हे, असं जेजुरीच्या खंडोबासमोर शपथेवर सांगितलं. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं. वारणेपलीकडचं कोल्हापूर संस्थान १९४९ पर्यंत टिकलं.