मुलांच्या सायकलीसाठी वाट

घरात लहान मुलाला सायकल आणायची ठरली की चर्चा होते ती सायकलीची. केवढ्या चाकाची घ्यावी, लाल घ्यावी की निळी, मागे आधाराची दोन लहान चाके असावीत की नसावीत. सायकल घरी येते, ओटीवर उभी राहते, आणि मग खरा प्रश्न समोर येतो : पोराने ती चालवायची कुठे? अंगणात दोन फेऱ्या झाल्या की तुळशीवृंदावन आडवे येते. बेड्याबाहेर पडावे तर रस्त्यावर चिऱ्याचे ट्रक आणि फटफट्या. हा प्रश्न आजचा वाटतो खरा, पण इतिहास चाळला तर तो सायकलीइतकाच जुना आहे असे दिसते.

सायकलीचा पहिला पूर्वज जर्मनीतील मानहाइम या गावी जन्मला. कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थाने १८१७ साली दोन चाकांचे एक लाकडी यंत्र तयार केले आणि १२ जून रोजी ते गावाबाहेर चालवून दाखवले. त्याला पायटे नव्हते, साखळीही नव्हती. बसणाऱ्याने पायांनी जमीन मागे रेटायची आणि तोल सांभाळत पुढे जायचे. त्या काळचे रस्ते घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी खणलेले असत. त्या चाकोऱ्यांत तोल राहीना, म्हणून हे स्वार पादचाऱ्यांच्या फरसबंद वाटेवर चढले. लोकांनी तक्रारी केल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मानहाइममध्ये पदपथावर या यंत्राला बंदी झाली. मग लंडन, न्यूयॉर्क, आणि आपल्याकडे कलकत्त्यातही तशीच बंदी आली. म्हणजे पाहा, वाहन जन्माला येऊन वर्षही झाले नाही तोच 'हे चालवायचे कुठे' म्हणून भांडण सुरू झाले!

पुढे १८६०च्या सुमारास पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे लागले. मग पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे वीतभर अशी विचित्र सायकल आली. तिच्यावरून पडणे म्हणजे माडावरून पडण्यासारखेच. मुलांच्या आणि बायकांच्या कामाची ती नव्हतीच. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी 'रोव्हर' सायकल काढली. आपण आज चालवतो ती सायकल मुळात हीच. तिला नावच पडले 'सुरक्षित सायकल'.

यापुढची हकिगत शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात अवश्य सांगावी. आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांचा लहान मुलगा तीनचाकी चालवी. चाकांना भरीव रबर आणि खाली खडबडीत दगडी जमीन, त्यामुळे पोर हादरून जाई. बापाने रबराची नळी केली, तिच्यात हवा भरली आणि ती चाकाला बांधली. १८८८ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. असाच शोध रॉबर्ट थॉमसन याने चाळीस वर्षे आधी लावला होता. पण तो विसरला गेला आणि डनलॉपचा मात्र जगभर गेला. आज मोटारीपासून ट्रॅक्टरपर्यंत सारे हवेच्या टायरवर धावते, आणि त्याची व्यवहारात सुरुवात झाली ती खडबडीत वाटेवर एका मुलाला सुखाने फिरता यावे म्हणून.

पण एक गंमत पाहा. अमेरिकेत १८८०नंतर सायकलस्वारांनी संघ काढून 'चांगले रस्ते द्या' म्हणून चळवळ केली. रस्ते गुळगुळीत झाले, आणि पाठोपाठ आलेल्या मोटारींनी ते बळकावले. ज्यांनी मागितले तेच कडेला पडले. युरोपात हॉलंड हा सायकलींचा देश. तिथेही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी इतक्या वाढल्या की १९७१ या एका वर्षात रस्त्यावर चारशेहून अधिक मुले दगावली. आईबाप रस्त्यावर उतरले, 'बालहत्या थांबवा' अशी हाक त्यांनी दिली. १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि सरकारलाही विचार करावा लागला. आज हॉलंडात सायकलींच्या स्वतंत्र वाटा दिसतात त्या आकाशातून पडलेल्या नाहीत. लेकरे गमावलेल्या लोकांनी मागून मागून त्या मिळवलेल्या आहेत.

आपल्याकडे सायकल प्रथम साहेबाची, मग मुंबईच्या पारशी तरुणांच्या हौसेची. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनपत, लुधियाना येथे कारखाने निघाले आणि पोस्टमन, शिक्षक, दूधवाला यांच्या घरी सायकल आली. मुलांची वेगळी सायकल मात्र क्वचितच. बापाच्या उंच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत, नाहीतर दुकानातून तासाच्या भाड्याने घेऊन आपल्यापैकी अनेकजण शिकले. गुडघे फुटत, पण रस्ता मोकळा असे. आज सायकल मुलाच्या मापाची मिळते आणि रस्ता मात्र त्याच्या मापाचा राहिलेला नाही.

आता आपल्या रत्नागिरीकडे वळू. आपला मुलूख मुळात चाकाचा नव्हेच. एका बाजूला सह्याद्री, दुसरीकडे समुद्र, मध्ये डोंगर आणि खाड्या. माल गलबतातून यायचा, माणूस पाखाडीच्या पायऱ्या चढउतार करीत चालायचा, आजारी माणसाला डोलीतून न्यायचे. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, पुढचे महर्षी, १८७५ साली परीक्षेसाठी साताऱ्याला गेले ते भर पावसात, सह्याद्री ओलांडून, पायी. इतके चालून गेल्यावर 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, ही गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. अशा प्रदेशात रस्ते आले ते वळणांचे, अरुंद, एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला दरी असलेले. त्यांवर आज भरधाव वाहने धावतात. अशा रस्त्यावर पाच-सहा वर्षांच्या पोराला सायकल देणे म्हणजे साहस नव्हे, अविचार.

पण निसर्गाने एका हाताने नाकारले ते दुसऱ्या हाताने दिले आहे. आपल्याकडे दोन सपाट जागा आहेत : वर सडा आणि खाली पुळण.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. डोंगर चढून माथ्यावर आलो की मैलच्या मैल सपाटी लागते. गुरे चरायला नेण्याच्या वाटा आणि जुन्या गाडीवाटा तिच्यावरून गेलेल्या असतात. दिवाळीनंतर चिखल सुकला की या वाटा मुलांच्या सायकलीला फार चांगल्या. रत्नागिरी शहरातले चंपक मैदान हेही असेच सड्यावरचे. समोरून काय येते आहे ते लांबून दिसते आणि ट्रकची भीती नसते.

सड्यावर जाताना मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली चिरेखाण. चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी सरळ कापलेल्या, खोल, आणि बहुधा विनाकठड्याच्या असतात. पावसाळ्यानंतर त्यांत पाणी साचून राहते, आणि वाळके गवत कड झाकून टाकते. म्हणून मोठ्या माणसाने आधी वाट पायी पाहून यावी, मगच मुलाला सोडावे. दुसरी फुरसे. हा लहानसा पण विषारी साप आपल्या कातळावर पुष्कळ. दगड उलटू नये, गवतात हात घालू नये, पायांत बूट असावेत. सायकल पडली तर मुलाने नव्हे, मोठ्याने उचलावी.

तिसरी गोष्ट इतिहासाची आहे आणि ती मला विशेष सांगायची आहे. याच सड्यांवर आपल्या अतिप्राचीन पूर्वजांनी कातळात चित्रे कोरून ठेवली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत गावोगाव हिंडून अशी शेकडो कातळशिल्पे उजेडात आणली. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे येथेही चित्रे आहेत. ती हजारो वर्षांपूर्वीची मानली जातात. २०२२ साली कोकण-गोव्यातील अशी नऊ ठिकाणे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली सात आपल्या जिल्ह्यातली. ही चित्रे पायाखाली आहेत, भिंतीवर नाहीत. गवत वाढले, माती साचली की दिसतही नाहीत. म्हणून सायकल मळलेल्या वाटेवरच राहावी, आणि चित्राशी आलो की वाटेवर उभी करून, कडेने फिरून पाहावे. पावसाळ्याअखेरीस सड्यावर जी बोटभर उंचीची फुले उगवतात त्यांच्यासाठीही हाच नियम. जिथे सायकल शिकलो तिथेच हजारो वर्षांपूर्वी माणसाने हत्ती कोरला, हे मुलाला कळले तर इतिहासाचा निराळा धडा शिकवायला नको.

दुसरी जागा पुळण. गुहागर, मुरूड-कर्दे, भाट्ये येथल्या किनाऱ्यांवर ओहोटीला जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते तिच्यावर सायकल छान चालते. कोरड्या वाळूत चाक रुतते आणि मूल रडकुंडीला येते. तेव्हा वेळ साधली पाहिजे. आपले दर्यावर्दी लोक तिथीवरून भरती काढतात : तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे, येईल तितक्या वाजता भरती, आणि तिच्यापुढे किंवा मागे सुमारे सहा तासांवर ओहोटी. चतुर्थीला तीनची भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराची भरती, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचाला किनारा मोकळा. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. तेव्हा जवळच्या कोळीबांधवाला विचारूनच खाली उतरावे. पाणी वाढू लागले की परत फिरावे. मूल पाणी आणि आपण यांच्यामध्ये असू नये. पाण्याच्या बाजूला आपण चालावे. वेळाससारख्या किनाऱ्यावर थंडीत आणि उन्हाळ्यात कासवे अंडी घालतात, तिथे वरच्या कोरड्या वाळूत चाक नेऊ नये. आणि घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे, नाहीतर खारे पाणी वर्षभरात तिला खाऊन टाकते.

सडा लांब आणि समुद्र त्याहून लांब, अशा गावांनी काय करावे? भात कापल्यावर मळे सुकतात, तिथे क्रिकेट चालते तशी सायकलही चालेल. मालकाला विचारावे एवढेच. पालखी बसते त्या सहाणेची मोकळी जागा आहे. आणि शाळेचे पटांगण तर आहेच.

शिकवण्याच्या रीतीविषयी दोन शब्द. आधाराच्या लहान चाकांनी मूल पायटे मारायला शिकते, पण तोल शिकत नाही. त्याऐवजी पायटे काढून टाकावे, बैठक इतकी खाली घ्यावी की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील, आणि मुलाला पायांनी रेटत जाऊ द्यावे. तोल जमला की पायटे लावावे. हल्ली तीन वर्षांच्या मुलांसाठी बिनपायट्याच्या सायकली विकत मिळतात. त्या नवीन वाटतात, पण ते मानहाइमचे १८१७चे यंत्रच दोनशे वर्षांनी मुलांच्या मापात परत आले आहे. उतार अगदी सौम्य निवडावा, डोक्याला हेल्मेट असावे, आणि हातातला ब्रेक मुलाच्या बोटांना दाबता येतो की नाही ते आधी पाहावे.

शेवटी शिक्षकांना आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. शाळा सुटल्यावर तास-दीड तास पटांगणाचे फाटक उघडे ठेवता येईल का, हे पाहावे. गावच्या सड्यावर कोणती वाट सुरक्षित आहे, कोणती खाण उघडी आहे, कोणते चित्र जपायचे आहे, याचा साधा नकाशा मुलांकडूनच काढून घ्यावा आणि शाळेत लावावा. उघड्या खाणीभोवती कठडा घालायला लावणे हे तर पंचायतीचे कामच आहे. उक्षीला कातळातल्या हत्तीभोवती जांभ्याचा कठडा उभा राहिला, तसा तो मुलांसाठी खाणीभोवतीही उभा राहू शकतो. हॉलंडच्या लोकांना हे शहाणपण मुले गमावल्यावर आले. आपल्या गावात ते त्याआधीच आले, तर त्याला फार खर्च येणार नाही. चार चिरे आणि एक ग्रामसभा पुरेल.